मदत हवी आहे: स्टेंट टाकला तरी बाबांची सिगारेट सुटत नाही

सावली: बाबांना अ‍ॅटॅक आला, स्टेंट टाकला. घरी आले आणि पुन्हा सुरू. "दोनच ओढतो" म्हणतात. निकोटिनचं च्युइंगम आणलं तर घसा जळतो म्हणून फेकून दिलं. खिसे तपासले की चिडतात. लवकर उपाय सांगा.

रानवारा: अ‍ॅटॅक कधी आला? आधी किती ओढायचे? उठल्यावर पहिली कधी? गम किती मिलिग्रॅमचं? डॉक्टरांना माहीत आहे का?

निश्चयी: एवढ्या चौकशा कशाला? मी एका रात्रीत सोडली. मनाचा निग्रह हवा, बाकी सगळी थेरं.

रानवारा: तुम्हाला जमलं, छानच. पण बहुतेकांना नुसत्या निग्रहावर जमत नाही. काकांना कमकुवत ठरवून काय साधणार?

पथ्यपाणी: स्वयंपाकाला तेल कोणतं वापरता? मीठ निम्मं करा.

सावली: तेलाचं विचारलंच नाहीये! अ‍ॅटॅक गेल्या महिन्यात. आधी रोज एक पाकीट. डोळे उघडले की पहिली, चहाच्याही आधी. गम २ मिग्रॅ. डॉक्टरांना "सोडली" म्हणून सांगितलंय.

रानवारा: गोम इथेच आहे. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागते त्यांना सहसा ४ मिग्रॅ देतात. आणि गम सतत चघळायचं नसतं. चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, चव गेली की परत चावायचं. नाहीतर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, घसा जळतो, उचक्या लागतात. गमच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. अ‍ॅटॅक ताजा आहे, तेव्हा डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच किंवा तलफ कमी करणाऱ्या व्हेरेनिक्लिनच्या गोळ्या, यांचंही विचारा, कोर्स साधारण १२ आठवड्यांचा असतो.

निश्चयी: हृदयाच्या पेशंटला निकोटिन? आगीत तेल!

रानवारा: सिगारेटमधून निकोटिन मिळतंच, वर धूर. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातला ऑक्सिजन अडवतो, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चिकट होतात, स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती वाढते. गममध्ये धूर नाही. आणि "दोनच" वर समाधान मानू नका: रोज एक ओढली तरी हृदयविकाराचा जादा धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो.

सावली: हे माहीत नव्हतं. उद्या डॉक्टरांना फोन करते. बाबांना न सांगता करू का?

रानवारा: नको, त्यांच्यासमोर करा, त्यांनाच बोलू द्या. आणि खिसे तपासणं आजपासून बंद.