मदत हवी आहे: मंगळवारी लिगामेंटचं ऑपरेशन, बेल्ट कुठला घेऊ?

आजोळ_बडोदे (शुक्रवार, रात्री १०:१२)
लेकीच्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन मंगळवारी आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'लाँग नी ब्रेस', म्हणजे गुडघ्याचा लांब बेल्ट, एवढंच लिहिलंय. रावपुऱ्यात सर्जिकलच्या दुकानात दोन प्रकार दाखवले. एक साधा लांब, आत सळ्या आणि वर पट्टे. दुसरा बिजागरीचा, बाजूला आकडे असलेला, किंमत जवळजवळ तिप्पट. दुकानदार अर्थातच महागडा घ्या म्हणतो. डॉक्टर सोमवारपर्यंत बाहेरगावी, फोन लागत नाही. दुकान उद्या उघडं आहे, रविवारी बंद. कुठला घेऊ, एवढंच सांगा. आणि वॉकर की कुबड्या? लवकर सांगा प्लीज.

मांजलपूर (१०:३१)
कुठलं लिगामेंट? एसीएल म्हणजे पुढचं, पीसीएल म्हणजे मागचं, की बाजूचं? वय काय? कधी लागलं? एमआरआयमध्ये गादीबद्दल, म्हणजे मेनिस्कसबद्दल, काय लिहिलंय? बेल्ट यावरच ठरतो.

आजोळ_बडोदे (१०:३८)
एसीएल. पूर्ण तुटलंय. वीस वर्षांची आहे, खो-खो खेळते. खांबाला वळसा घेताना पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं, टक् असा आवाज शेजारच्या मुलीलाही ऐकू आला म्हणे. रिपोर्ट दोन पानी आहे, मला त्यातलं काही कळत नाही. बेल्टचं सांगा ना.

खांबाजवळचा (१०:५५)
मी स्वतः खो-खोवाला आणि स्वतः हे ऑपरेशन करून घेतलेला, २०१६ साली. साधा बेल्ट घ्या, पैसे वाचवा. मी दोन आठवडे वापरला, नंतर माळ्यावर गेला. मांडीच्या मागच्या शिरेतून, म्हणजे स्नायूच्या दोरीतून, नवीन लिगामेंट केलं होतं. कमरेत इंजेक्शन देतात, दुखत नाही, ती भीती काढून टाका. खरं काम ऑपरेशनच्या आधीचं आहे. गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा. टाचेखाली उशी ठेवायची, गुडघा मधे अधांतरी, वरून दोन किलोची वाळूची पिशवी, दहा मिनिटं, दिवसातून पाच वेळा. आजपासून सुरू करा. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला कातडी बधिर राहते, माझी अजून आहे, त्याला घाबरू नका.

दुपारची_सावली (११:०४)
आईचे दोन्ही गुडघे बदलले तेव्हा आम्हाला सगळ्यात उपयोगी पडली कमोडची खुर्ची. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर उद्याच घेऊन ठेवा. डिंकाचे लाडूही करून ठेवा. आईला तिसऱ्या महिन्यात मांडी घालून बसायचं होतं, डॉक्टरांनी सक्त मनाई केली.

मांजलपूर (११:१०)
सावली, ते गुडघे बदलण्याचं ऑपरेशन. हे वेगळं. इथे सांधा तिचा स्वतःचाच राहतो, आत फक्त दोर नवीन बसतो. खुर्चीचा सल्ला मात्र अगदी बरोबर. आजोळ, कधी लागलं ते अजून सांगितलं नाहीत.

सुरसागर_काठ (११:२२)
मला मुळातच विचारायचंय, ऑपरेशनची इतकी घाई का? स्वीडनमधला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. एसीएल तुटलेली १२१ तरुण, खेळणारी माणसं. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, बाकीच्या ५९ जणांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गरज वाटली तरच ऑपरेशन. त्या ५९ पैकी दोन वर्षांत फक्त २३ जणांना ऑपरेशन लागलं आणि दोन्ही गट सारखेच बरे झाले. माझ्या पुतण्यानं व्यायामावर काढलं, आज कमाटीबागेत रोज पळतो.

खांबाजवळचा (११:२९)
पुतण्या सरळ रेषेत पळतो. खो-खोत सरळ रेषा कुठे आहे? पाटीवरून उठायचं, दिशा घ्यायची, खांबाला वळायचं. एसीएलशिवाय तो गुडघा प्रत्येक वळणावर सटकेल आणि दर वेळी गादी चिरडेल. आपल्या बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानं १९२४ साली या खेळाचे नियम छापले, आणि तिथल्याच पोरीला आपण व्यायाम करून बघ सांगायचं?

सुरसागर_काठ (११:३३)
जिमखान्याचा इथे काय संबंध? ५९ पैकी ३६ जणांची कातडी वाचली, एवढंच मी म्हणतोय.

फिजिओ_कट्टा (११:५०)
दोघांनीही जरा थांबा. मी फिजिओथेरपिस्ट आहे, अशा केसेस रोज हाताळते. ताई, दोन गोष्टी सांगा. लागून किती दिवस झाले? आणि पाय जमिनीवर सैल सोडला की गुडघ्याच्या मागून तुमचा हात आरपार जातो का? सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर आत चट्टे धरतात आणि पुढे गुडघा कायमचा ताठ राहू शकतो. एसीएल सहसा तातडीचं ऑपरेशन नसतं. सूज उतरू द्यायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीचा पुढचा स्नायू जागा करायचा, मग टेबलावर घ्यायचं. माझा सल्ला, तारीख तीन आठवडे पुढे ढकला.

तेलवाले (शनिवार, सकाळी ६:४०)
आमच्या आजोबांचं आखाड्यात उठणं-बसणं. मल्लखांबावरून पडलेल्या कित्येक पोरांचे गुडघे त्यांनी तेल लावून, पाय ओढून बसवले. एकदा हाडवैद्याला दाखवा, चिरफाड टळेल.

फिजिओ_कट्टा (७:०५)
निखळलेला सांधा बसवणं वेगळं. तुटलेली एसीएल तेलानं जुळत नाही, आणि या गुडघ्याला कुणीही ओढू नये. ताई, उत्तर द्या.

आजोळ_बडोदे (७:४८)
लागून सोळा दिवस झाले. हात आरामात आरपार जातो, मूठही जाते. रात्री वाळूची पिशवी ठेवली होती, चार मिनिटांत ओरडली. आत काहीतरी अडकलंय, दाराखाली दगड आल्यासारखं, असं म्हणते. मी तिलाच रागावले, जरा सोस म्हणून. आता काय ते कळत नाही. तारीख पुढे ढकलू? तिच्या बाबांनी रजा टाकलीय, मेडिक्लेमची मंजुरीही आलीय.

फिजिओ_कट्टा (७:५१)
पिशवी काढा. आत्ता. रिपोर्टमध्ये 'मेडियल मेनिस्कस' लिहिलेली ओळ शोधा आणि जशीच्या तशी इथे टाका.

आजोळ_बडोदे (८:०६)
'मेडियल मेनिस्कस, डिस्प्लेस्ड बकेट हँडल टेअर.' मला वाटलं तेही लिगामेंटचंच काहीतरी असेल.

फिजिओ_कट्टा (८:२०)
रात्रीचं माझं म्हणणं मागे घेते. तारीख पुढे ढकलू नका.

गुडघ्यात दोन गाद्या असतात. आतल्या बाजूची गादी लांबीत फाटलीय आणि फाटलेली कड बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मधोमध येऊन बसलीय. तिला दगड वाटतो तो हाच. हा गुडघा आखडलेला नाही, अडकलेला आहे. व्यायामानं तो सरळ होणार नाही, उलट जोर दिला तर ती कड चेचते. इथे घाईला कारण आहे. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट शिवली तर जुळू शकते. उशीर झाला तर ती कड वेडीवाकडी होते आणि मग कापून टाकण्याशिवाय मार्ग राहत नाही. विसाव्या वर्षी गादी वाचवणं एसीएलइतकंच महत्त्वाचं. तिच्यावर रागावू नका, ती बरोबर सांगत होती.

मंगळवारपर्यंत फक्त एवढंच करायचं: जेवढा सरळ होतो तेवढ्यावर मांडी आवळणं, घोटा वरखाली, बर्फ पंधरा मिनिटं फडक्यातून. चालताना कुबड्या.

खांबाजवळचा (८:४१)
ताई, माफ करा. माझी गादी शाबूत होती, म्हणून मी पिशवीचं बेधडक सांगितलं. रिपोर्ट विचारायला हवा होता.

सुरसागर_काठ (९:०२)
मीही मघाचा मुद्दा या केसपुरता सोडतो. अडकलेल्या गुडघ्याला तो लागू करू नये. पण ज्यांचा गुडघा सरळ होतो त्यांनी तो अभ्यास डॉक्टरांपुढे जरूर काढावा.

मांजलपूर (९:१५)
आता बेल्ट. गादी शिवली तर बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे गुडघा ९० अंशांपुढे वाकवू देत नाहीत आणि पूर्ण वजनही टाकू देत नाहीत. बिजागरीच्या बेल्टवर ते आकडे त्यासाठीच असतात. चालताना शून्यावर कुलूप, व्यायामाला ९० पर्यंत मोकळा. साध्या बेल्टवरही काही सर्जन काम भागवतात, शेवटचा शब्द त्यांचा. तेव्हा बिजागरीचाच आणा, पण बिलावर 'न वापरल्यास बदलून मिळेल' असं लिहून घ्या आणि सोमवारी त्यांना दाखवा. मांडीचा घेर मोजून न्या, ढिला बेल्ट घोट्यापर्यंत घसरतो. राहता कुठे, जिना आहे का?

आजोळ_बडोदे (९:३०)
दांडिया बाजार. जुना वाडा, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, इतका उभा की एका हातानं दोर धरूनच चढतो. संडास खाली, भारतीय. हे सांगायचं राहिलंच.

मांजलपूर (९:४४)
हे तर सगळ्यात आधी सांगायचं. बिछाना त्या जिन्याच्या वर असला तर ती सहा आठवडे वर अडकेल नाहीतर कुणीतरी तिला उचलून नेत बसेल. खाली कुणाची खोली मिळते का? कमोडची खुर्ची आजच. पहिले चार दिवस वॉकर, हात बसला की कुबड्या. जिना चढावाच लागला तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

फिजिओ_कट्टा (१०:१०)
ऑपरेशननंतर उशी गुडघ्याखाली नाही, टाचेखाली. पहिल्या दिवसापासून. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं आणि त्याच बऱ्या वाटण्यात गुडघा वाकडा धरतो. पोटरी दुखून कडक झाली, श्वास लागला, ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर इथे लिहीत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पारिजातक (दुपारी १:१८)
कॅशलेसच्या गडबडीत एक गोष्ट सुटते. आत जे बटण आणि स्क्रू बसवतात त्यांच्या पाकिटावरचे स्टिकर फाइलला लावून घ्या. पुढे कधी एमआरआय करायचा झाला की पहिल्यांदा तेच विचारतात.

आजोळ_बडोदे (१:४०)
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांची पुढची खोली दिली, स्वतःहून. बेल्ट बिजागरीचा आणला. एक विचारू? पुन्हा खेळेल का? ती मला रोज विचारते.

खांबाजवळचा (१:५२)
मी नवव्या महिन्यात पाटीवर परत बसलो. सहाव्या महिन्यात गुडघा इतका छान वाटत होता की मैदानात उतरावंसं वाटे, तेव्हा फिजिओनं अडवलं. नवीन दोर आत जिवंत व्हायला वेळ घेतो, दीड-दोन महिन्यांनी तर तो सगळ्यात कच्चा असतो, आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं. तिला सांगा, नऊ महिने आणि दोन्ही मांड्यांची ताकद सारखी, मगच खांब.

आजोळ_बडोदे (साडेतीन आठवड्यांनी, रविवार)
ऑपरेशन झालं. सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून नेमकं हेच सांगितलं. गादी वाचली, शिवली. एसीएल मांडीच्या मागच्या शिरेतून. बेल्ट तोच ठेवला.

दुसऱ्या रात्री मी चूक केलीच. ती कण्हत होती, म्हणून गुडघ्याखाली दुमडलेली चादर सरकवली आणि तिला झोप लागली. पहाटे सिस्टर आल्या, चादर ओढून काढली आणि म्हणाल्या, "ढींचण नीचे ओशीकुं नहीं मूकवानुं, बेन." तेव्हा इथलं 'उशी गुडघ्याखाली नाही' हे वाक्य आठवलं.

आज काकूंच्या खोलीत तिला जमिनीवर झोपवलं. गुडघ्यामागे तिच्या वहीचं पान सरकवलं आणि मांडी आवळायला सांगितली. मी पान ओढलं, निघालं नाही. फाटलं. अर्धा तुकडा तिनं बेल्टच्या पट्ट्यात खोचून ठेवलाय.

फिजिओ_कट्टा
हेच हवं होतं. आता दुसऱ्या पायाखालीही पान ठेवून बघा, तुलना त्याच्याशी करायची. वाकवणं अजून ९० च्या आतच.

नवा_सभासद_वाघोडिया
ताई, माझ्या भाच्याचं पुढच्या महिन्यात आहे. तुमचा बेल्ट नंतर विकणार का? त्याचा डावा पाय आहे.

आजोळ_बडोदे
विकत नाही, घेऊन जा. सहा आठवडे पूर्ण झाले की कळवते. आधी त्याच्या एमआरआयमध्ये गादीबद्दल काय लिहिलंय ते इथे टाका.