इंग्रज, स्कॉट, स्कॉच, स्कॉट्स : ग्रँट डफला नेमकं काय म्हणावं?

दौतटाक
सातारा संस्थानावरच्या एका पुस्तिकेचं मुद्रितशोधन हातात आहे. त्यात 'इंग्रज इतिहासकार ग्रँट डफ' असं आहे, आणि पान उलटलं की 'स्कॉटलंडमधील बॅन्फ येथे जन्म'. मी 'इंग्रज' खोडलं. लेखकांनी ते परत घातलं. म्हणाले, "मराठीत सगळे इंग्रजच. आमचे आजोबा इंग्रजांचं राज्य म्हणायचे, ब्रिटिशांचं नाही." त्यांचं अगदीच चूक आहे असंही वाटत नाही. पण मग लिहायचं काय? स्कॉट की स्कॉटिश? 'स्कॉट्स' हे अनेकवचन की भाषेचं नाव? आणि जुन्या पुस्तकांत 'स्कॉच लोक' भेटतात, ते आज चालतील का?

बोरू
आजोबांचं बरोबरच होतं. 'इंग्रज' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या तोंडून आला आणि तो आला तेव्हा इथे उतरलेले व्यापारी खरोखर इंग्लंडचेच होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची, यादी आहे : फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. किती बारकाईने वेगळे काढलेत बघा. डच वेगळे, डेन वेगळे. त्या यादीत स्कॉट नाहीत, कारण कंपनी इंग्लंडची होती आणि १७०७ पर्यंत स्कॉटलंडची पार्लमेंटसुद्धा स्वतंत्र होती.

पुढे कंपनीत स्कॉट भराभर शिरले, पण आपल्या तोंडी नाव पहिलंच राहिलं. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डंबार्टनचा. त्याच्यामागून आलेला जॉन माल्कम डम्फ्रीसशायरचा. म्हणजे १८१९ ते १८३० या काळात मुंबईचे लागोपाठ दोन गव्हर्नर स्कॉट होते. विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन लॉडर गावचे. म्हणून राज्याला 'इंग्रजांचं राज्य' म्हणा, ती आपली रूढी आहे. माणसाबद्दल लिहिताना मात्र तो कुठला होता ते बघून लिहावं.

पानगळ
मी बरीच वर्षं ॲबर्डीनला काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. २०११ च्या जनगणनेचा अर्ज आला, त्यात एक प्रश्न होता : तुमची राष्ट्रीय ओळख कोणती असं तुम्हाला वाटतं? लागू पडतील तेवढ्या चौकटींत खूण करा. पहिली चौकट स्कॉटिश, मग इंग्लिश वगैरे, आणि ब्रिटिश. खालच्या मजल्यावरच्या आजी चहाच्या टेबलावर अर्ज भरत होत्या. पहिल्या चौकटीत खूण केली आणि पेनाला टोपण लावलं. मी म्हटलं, ब्रिटिशवर नाही का करायची? म्हणाल्या, "ते पासपोर्टवर आहे तेवढं पुरे." त्या वर्षी स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के लोकांनी फक्त 'स्कॉटिश' एवढंच लिहिलं. त्या आजींना 'इंग्रज बाई' म्हणणं मला जन्मात जमणार नाही.

आता शब्दाकडे. स्कॉट हे नाव मुळात आजच्या स्कॉटलंडचं नव्हेच. रोमन लोक 'स्कॉटी' म्हणायचे ते आयर्लंडकडून चाल करून येणाऱ्या गेलिक लोकांना. 'स्कोशिया' म्हणजे आयर्लंड, हा अर्थ पार अकराव्या शतकापर्यंत चालत होता. नवव्या शतकातला तत्त्वज्ञ जॉन स्कोटस एरियुजेना पक्का आयरिश होता. या गेलिक लोकांचं डाल रियाटा नावाचं राज्य समुद्राच्या दोन्ही काठांवर होतं, आयर्लंडच्या ईशान्येला आणि पलीकडे, आजच्या स्कॉटलंडच्या पश्चिमेला, आर्गाइलमध्ये. तिथून त्यांची भाषा पूर्वेला पिक्ट लोकांत पसरली, दोघांचं मिळून आल्बा हे राज्य उभं राहिलं आणि 'स्कॉट' हे नाव समुद्र ओलांडून कायमचं इकडे आलं.

खरी गंमत भाषेच्या नावात आहे. दक्षिणेकडच्या सखल भागात जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या बोलीतून एक भाषा वाढली. ती बोलणारे तिला 'इंग्लिस' म्हणत, आणि 'स्कॉटिस' म्हणजे गेलिक. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पारडं फिरलं. सखल भागातल्यांनी आपल्याच बोलीला 'स्कॉटिस' म्हणायला सुरुवात केली आणि गेलिकला 'अर्स', म्हणजे आयरिश, ठरवून टाकलं. ज्यांचं नाव देशाला मिळालं, त्यांचीच भाषा परकी झाली. मला हे फार लागतं.

कपड्यांचंही तेच झालं. १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पाडाव झाला आणि त्याच वर्षी पुरुषांनी डोंगराळ भागाचा पेहराव करायला कायद्याने बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. बंदी उठली १७८२ ला. आणि १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा दरबारात त्याने चक्क किल्ट घातला! ज्या सखल भागातल्या प्रतिष्ठितांनी डोंगरी लोकांना रानटी म्हणून हिणवलं होतं, तेही त्या वेळी टार्टन, म्हणजे त्यांचं चौकड्यांचं कापड, घालून मिरवले. आज तोच सगळ्या राष्ट्राचा पोशाख आहे.

तर वापर असा : माणूस 'स्कॉट', विशेषण 'स्कॉटिश'. एक स्कॉट, चार स्कॉट, स्कॉटांनी, स्कॉटांचा. मराठीत 'स्कॉट्स' असं अनेकवचन करू नका, कारण 'स्कॉट्स' हे त्या भाषेचं नाव आहे आणि ती इंग्रजीची बोली की सख्खी बहीण हा तिकडे जिव्हाळ्याचा वाद आहे. बाळाला 'बेर्न', चर्चला 'कर्क'. आजींशी आठवडाभर बोललात तर बहीण म्हणाल.

बोरू
'स्कॉच'बद्दल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हे सरळ विशेषण होतं, स्वतः स्कॉटही ते वापरत. त्यामुळे आपल्या जुन्या पुस्तकांतलं 'स्कॉच लोक' त्या काळी चूक नव्हतं. पुढे स्कॉटांना ते आवडेनासं झालं. आता ते व्हिस्की, सूप अशा ठरलेल्या पदार्थांपुरतं उरलंय. अवतरणात असेल तर तसंच ठेवा, नव्या मजकुरात नको.

कोकणकडा
'स्कॉटलंड देश की प्रांत' हा प्रश्न इथे कधीतरी येणारच, म्हणून आधीच लिहिते. आपल्या 'देश' शब्दात दोन्ही अर्थ आहेत. घाट चढून गेलं की आपण 'देशावर' पोचतो, तिथे वेगळा झेंडा नसतो. स्कॉटलंड तसा देश आहेच. १७०७ च्या करारात पार्लमेंट गेली, पण कायदा, चर्च आणि शिक्षण त्यांनी आपल्याकडेच ठेवलं, आणि १९९९ मध्ये एडिंबराला पार्लमेंट पुन्हा भरली. २०१४ च्या सार्वमतात ५५ टक्के लोकांनी स्वतंत्र राज्य नको म्हटलं. राष्ट्र आहोत की नाही, हा त्या मतदानाचा प्रश्न नव्हता.

आणखी एक. मेरीला आपण 'स्कॉटलंडची राणी' लिहितो. तिची पदवी 'स्कॉटांची राणी' अशी होती. फरक छोटा नाही. १३२० मध्ये आर्ब्रोथहून सरदारांनी पोपला जे लॅटिन पत्र पाठवलं, त्यात रॉबर्ट ब्रूसची स्तुती आहे आणि पुढे हेही आहे, की तो आम्हाला इंग्लंडच्या राजाच्या ताब्यात द्यायला निघाला तर त्याला हाकलून दुसरा राजा करू. इंग्लंडविरुद्धची बॅनकबर्नची लढाई जिंकून देणाऱ्या राजाबद्दल, सहाच वर्षांत, हे लिहिलंय. राजा लोकांचा होता. अनुवादात ते 'स्कॉटांचा' टिकायला हवं.

तसंच 'क्लॅन'ला 'टोळी' लिहू नका, टोळी दरोडेखोरांची. गेलिक 'क्लान' म्हणजे मुलंबाळं. 'कूळ' चपखल बसतं.

पानगळ
कूळ उत्तम! आणि 'स्लोगन' हाही त्यांचाच शब्द. गेलिकमध्ये 'स्लुआ' म्हणजे सैन्य आणि 'गॅरम' म्हणजे हाक. तेव्हा मूळ अर्थाने 'हर हर महादेव' हीच खरी स्लोगन.

अजून एक, आपल्या व्याकरणवाल्यांसाठी. स्कॉटलंडचं गेलिक नाव 'आल्बा' लिहायला दोन अक्षरी, पण उच्चार जवळपास 'आल-अ-पा', मध्ये एक स्वर घुसतो. आपल्याकडे धर्मचं धरम आणि भक्तचं भगत होतं तसाच. गेलिकचे अभ्यासक या स्वराला संस्कृत शब्दानेच ओळखतात : स्वरभक्ती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीत उभा राहिलो होतो.

दौतटाक
सगळ्यांचे मनापासून आभार. लेखकांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. आज्ञापत्राची यादी ऐकल्यावर ते मिनिटभर काहीच बोलले नाहीत. आता वाक्य असं झालंय : 'कंपनीने साताऱ्यास नेमलेला स्कॉट अधिकारी आणि इतिहासकार जेम्स ग्रँट डफ'. प्रस्तावनेतलं 'इंग्रजांचं राज्य' तसंच ठेवलंय. चौदाव्या पानावर 'एडिनबर्ग' होतं, ते 'एडिंबरा' केलं.