खाजगी की सरकारी, यापेक्षा वही उघडून बघा
असं म्हणतात की खाजगी शाळेतली मुलं कॉलेजसाठी जास्त तयार असतात, पण त्यात घरचा वाटा बराच असतो हो. २००९ च्या पिसा चाचणीत (अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय परीक्षा) खाजगीवाल्यांचे मार्क जास्तच होते, पण घरची आर्थिक-सामाजिक परिस्थिती हिशेबात धरली की सरासरी फरक जवळजवळ उरलाच नाही. माझ्या मते बघायचं ते हे, की निबंध तपासून येतो तेव्हा नुसती सही असते की समासात 'हे कशावरून?' असं विचारून पुन्हा लिहून घेतात, कारण कॉलेजात कोणी मागे लागत नाही, तिथे हीच सवय कामाला येते. आणि वर्ग खच्चून भरलेला असेल तर शिक्षकाने एवढं तपासायचं तरी कधी, सरकारी शाळांना आधी शिक्षक वाढवून द्या ना!