मदत हवी आहे: कापशीची छाती पांढरीफटक, डोळा मात्र काळा

सासवड-जेजुरी भागातल्या माळावर कापशी घारीचे फोटो काढतो आहे. क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) २४ मेगापिक्सेल डीएसएलआर, १५०-६०० लेन्स, ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र मी ठरवतो, शटर कॅमेरा), एफ ६.३, ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो), शटर १/५०० च्या आसपास. गाडीच्या खिडकीतून, हातात धरून, सकाळी ९ ते ११. मागे आकाश असलं की पक्षी काळवंडतो, मागे टेकडी असली की छातीवरची पिसं अतिउजळ होऊन तपशील जातो. लाल डोळा काळ्या ठिपक्यासारखा येतो. आणि १०० टक्के झूम केल्यावर पिसं मऊ दिसतात. लेन्स बिघडली असेल का?

प्रतिसाद १
लेन्सकडे नंतर पाहा, आधी वेळ बदला. हिवाळ्यातही ९ नंतर माळाची जमीन तापते आणि वरची हवा थरथरू लागते. एकाच बर्स्टमधल्या (सलग टिपलेल्या) दहा फ्रेम शेजारी लावा. फोकस बिंदू तोच असून एका फ्रेममध्ये पीस न् पीस वेगळं आणि पुढच्यात सगळं पुसट असेल, तर तो तापलेल्या हवेचा परिणाम आहे. कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये तो नीट होत नाही. बॉनेटवरून नेम धरू नका, तिथूनही गरम हवा उठते. इंजिन बंद करा, काच आधीच पूर्ण खाली घ्या.

डोळ्याचं कारणही उन्हातच आहे. शिकारी पक्ष्यांच्या डोळ्यावर भुवईसारखं हाड पुढे आलेलं असतं. सूर्य वर चढला की त्याची सावली थेट डोळ्यात पडते, आणि कापशीच्या डोळ्याभोवती मुळातच काळा पट्टा. उगवतीनंतरचा पहिला दीड तास, सूर्य तुमच्या पाठीशी, पक्ष्याची मान किंचित उन्हाकडे वळलेली. अशा वेळीच डोळ्यात प्रकाशाचा ठिपका येतो. मान वळेपर्यंत थांबा.

हातात ६०० धरून १/५०० कमी पडतं, क्रॉपवर ते ९०० सारखं वागतं. दोन किलो तांदूळ भरलेली पिशवी खिडकीवर ठेवा. बसलेल्या पक्ष्याला मग १/५०० पुरतं, हातात धरायचं तर १/१०००. हवेत एका जागी फडफडताना १/२००० तरी हवं.

प्रतिसाद २
एक्स्पोजरबद्दल: कॅमेरा पूर्ण चौकटीची सरासरी काढतो. आकाश उजळ म्हणून तो सगळं गडद करतो, टेकडी गडद म्हणून सगळं उजळ करतो. पक्ष्यावरचं ऊन मात्र तेच असतं. काही जण एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याच्या हिशेबात हाताने केलेली उजळ-गडद दुरुस्ती) कमी-जास्त करत बसतात; पक्षी तारेवरून उडून टेकडीसमोर गेला की तो हिशेब कोसळतो. पूर्ण मॅन्युअल वापरा आणि ऑटो आयएसओ बंद ठेवा, नाहीतर मॅन्युअलचा उपयोगच नाही. कोवळ्या उन्हात १/१०००, एफ ६.३, आयएसओ ४०० पासून सुरुवात करून चाचणी फ्रेम घ्या. छातीवर हायलाइटचा इशारा (अतिउजळ भाग दाखवणारी खूण) लुकलुकला तर आयएसओ ३२०, मग २५०. ऊन वाढलं की पुन्हा तपासा. रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा.

फोकस एकाच बिंदूवर ठेवा, मोठा झोन लावला तर फोकस बाभळीच्या काटक्यांवर जातो. १० मीटरवर ६०० मिमी आणि एफ ६.३ ला जेमतेम ६-७ सेंटीमीटर खोली स्पष्ट मिळते. बिंदू छातीवर असेल तर डोळा हुकू शकतो.

धागाकर्ता
मनापासून आभार. आधीच्या रॉ फाइल्स वाचवता येतील का? डोळा लाल केला तर चालेल का? फोटो सुधारायला लाइटरूम सॉफ्टवेअर वापरतो.

प्रतिसाद ३
छातीवर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल अतिउजळ होऊन तपशील गेला असेल तर हायलाइट्स खाली ओढून नुसता राखाडी डाग मिळतो. त्या फाइल्स सोडून द्या. बाकीच्यांसाठी आधी डीनॉइज (दाणेदारपणा कमी करणं). स्लायडर ५० वर येतो, तो ३० च्या आसपास आणा. जास्त केलं की पिसं प्लास्टिकची वाटतात. मग व्हाइट बॅलन्स. सकाळच्या उन्हाचा पिवळसरपणा पांढऱ्यावर थोडा राहू द्या, सगळा काढला की पोट निळं पडतं. शार्पनिंगला रेडियस ०.८, मास्किंग ७०-८०. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढा, आकाश पूर्ण काळं दिसलं पाहिजे (म्हणजे तिथे शार्पनिंग होत नाही). क्लॅरिटी डोक्यावर १० च्या पुढे नको, पिसांच्या तारा होतात.

डोळ्यावर छोटा मास्क (फक्त तेवढ्याच भागाची निवड), एक्स्पोजर +०.३ ते +०.५, बस. रंग ओतू नका. पाठीच्या पिसांना पांढऱ्या कडा असतील तर ते पिल्लू आहे. त्याचा डोळा पिवळट-तपकिरीच असतो, लाली वयानुसार येते. लाल केलात तर पक्ष्याचं वयच खोटं ठरेल.

क्रॉप ३००० × २००० पिक्सेलच्या खाली नेऊ नका. ३०० डीपीआयला त्याची जेमतेम १० × ६.७ इंची प्रिंट निघते. चोचीत काडी किंवा जवळ घरटं दिसत असेल तर घरट्याची जागा उघड होऊ नये म्हणून फोटो कुठेही टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद काढून टाका.