अनुभव धागा: ऐकून आधी खरीच न वाटलेली माहिती

रानजाई
नमस्कार मंडळी. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो (स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस, सूर्याभोवती २२५), असलं व्हॉट्सॲपवर रोज येतं आणि ते खरंही आहे, पण वाचून संपलं की संपलं. मला हवीये ती अजब माहिती जी तुमच्याच ताटात, गावात, शेजारी निघाली आणि मग तुम्ही तिच्या मागेच लागलात.

माझ्यापासून सुरू करते. बीएस्सीला बॉटनीच्या मॅडमनी उपवासाच्या पदार्थांची नावं फळ्यावर लिहिली आणि समोर प्रत्येकाचं मूळ गाव. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा तिकडचाच, बटाटा अँडीज पर्वतातला, आणि रताळं, मिरची, राजगिरा हे सगळं अमेरिका खंडातलंच. कोलंबस तिकडे पोचला १४९२ मध्ये, म्हणजे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या वेळी एकादशीला साबुदाण्याची खिचडी असणं शक्यच नव्हतं! घरी सांगितलं तर आजी म्हणाली, मग तेव्हा खायचे काय गं? भगर आणि शिंगाडा मात्र इकडचेच, हे शोधून तिला सांगितलं तेव्हा ती जाम खूश झाली, कारण तिच्या माहेरी एकादशीला भगरच असायची.

गिरगावचा
मस्त धागा. आमचे आजोबा कुठल्याही जुन्या गोष्टीत वेळ सांगताना "मुंबई टाईम" म्हणायचे आणि आम्हाला ती त्यांची बोलायची पद्धत वाटायची. नंतर कळलं की मुंबईला खरोखरच स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आत्ताच्या भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. देशाची एक वेळ १९०६ मध्येच ठरली होती पण मुंबईकरांनी आपली सोडली नाही, ती चालली थेट १९५५ पर्यंत. स्वातंत्र्यानंतरही शहरात दोन वेळा!! लोकांनी गाड्या कशा पकडल्या असतील, हे आजोबांना विचारायचं राहूनच गेलं.

देवगडकर
आमच्या विजयदुर्गाचं सांगायलाच हवं. किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" आहेत आणि हेलियमचा शोध इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयरसाहेबांना इथेच लागला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, १८ ऑगस्टला हेलियम दिनही साजरा होतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मुलांसाठी नीट वाचायला बसलो तर गोष्ट त्याहून भारी निघाली. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला सूर्याच्या कडेचा वर्णपट (प्रकाश फाकवला की दिसणारे रंगांचे पट्टे) पाहत होते. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्येच होते, त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेचा वर्णपट पाहिला. हे कळवणारी दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोचली! वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेवरून लॉकयरनी नवं मूलद्रव्य असल्याचं सांगितलं, आणि पृथ्वीवर ते हाती लागलं १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅमसेंना.

मग ओट्यांचं काय? तर लॉकयर विजयदुर्गला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ज्याने सूर्यात हेलियम ओळखलं तो माणूस आपल्या किल्ल्यावर दुर्बिणी लावून बसला होता, आणि मला तर वाटतं मुलांना हेच सांगावं, गावाचा मान यात तसूभरही कमी होत नाही.

खडकवेडा
पुणेकरांनो, वाघोलीच्या दगडखाणी तुमच्यासाठी खडी आणि धूळ ना? तिथे कॅव्हान्साइट नावाचं गडद निळं खनिज मिळतं, कॅल्शियम आणि व्हॅनेडियमचं सिलिकेट. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगभरच्या संग्रहांतले सुंदर नमुने बहुतेक वाघोलीचेच. मी पहिल्यांदा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघितलं आणि खालच्या पाटीवर वाघोली वाचून तिथेच थबकलो, कारण त्या रस्त्याने रोज ऑफिसला जात होतो.

रेवदंड्याची लेक
आजोळी शेजारी एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं, मराठी आमच्यासारखीच, आडनाव गावावरून. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही सगळी यांच्यातही आहेत. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. शनिवार हा ज्यूंचा सब्बाथ, म्हणजे कामं बंद ठेवायचा दिवस. मामी सांगायची की त्यांच्याकडे मलिदा असला की आम्हाला हमखास बोलावणं, पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं, एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेऊन. आणि बायबलातल्या गोष्टींवर मराठीत कीर्तनं करायचे ते लोक! हे मी पुण्यात कोणालाही सांगितलं तरी आधी विश्वासच ठेवत नाहीत. इस्रायलमध्ये आजही मराठी बोलणारी घरं आहेत. तिकडचं कोणी वाचत असेल तर लिहा ना प्लीज, कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेलं कोणी आहे का?

पावसाळी भटक्या
कारवी. दर सात वर्षांनी फुलते, डोंगरच्या डोंगर जांभळे, बी धरते आणि वाळून जाते. मित्र भीमाशंकरला घेऊन गेला तोपर्यंत मी ती नुसती काटक्यांची झुडपं समजत होतो, कुडाच्या भिंतींना वापरतात तेवढंच ठाऊक.

करमाळ्याचा पोरगा
@देवगडकर सर, १८९८ च्या त्याच ग्रहणाला आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरलाही तंबू पडले होते! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल. नायगमवालांचा सविस्तर अहवालही छापलेला आहे. जेऊर स्टेशनवर मी असंख्य वेळा उतरलोय, पण गावात याची एक पाटीसुद्धा दिसली नाही. तळ नेमका कुठल्या माळावर होता हे इथे कोणाला माहीत असेल तर कृपया सांगा, ग्रामपंचायतीकडे पाटीसाठी अर्ज करायचाय.