मदत हवी आहे: वॉरक्राफ्टच्या रोलप्ले सर्व्हरवर खरं वाटेल असं पात्र कसं उभं करायचं?

शाईदौत:

नमस्कार मंडळी,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणारे इथे काही जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारते. डंजन, रेड, लढाया हे सगळं भरपूर खेळून झालं. आता आर्जेंट डॉन या युरोपातल्या रोलप्ले सर्व्हरवर नवीन पात्र काढलंय आणि तिथे मला फक्त त्या पात्रासारखं वावरायचं आहे. स्टॉर्मविंडमध्ये, म्हणजे खेळातल्या माणसांच्या राजधानीत, धावत न सुटता चालायचं, खानावळीत बसायचं, भेटेल त्याच्याशी तिच्या तोंडून बोलायचं. पुण्यात बसून हे करायचं म्हणजे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा, कारण तिकडे आठ वाजल्याशिवाय खानावळ भरत नाही. तेवढ्यासाठी जागायची माझी तयारी आहे, इतका हा प्रकार मला आवडलाय.

पात्र असं आहे: माणूस जमात, रोग (rogue, म्हणजे लपूनछपून लढणारा) क्लास, वय तिशीच्या पुढे, गाव वेस्टफॉल. नाव मारेन. इथवर ठीक. पण कोणी विचारलं, "वेस्टफॉलची ना तू? मग शहरात काय करतेस?" की माझ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. वेस्टफॉलचा सगळा इतिहास मला ठाऊक आहे, डिफायस ब्रदरहुड कुठून आली, मूनब्रुकखालच्या खाणीत काय झालं, सगळं. पण तो सांगायला लागले की विश्वकोशातली नोंद वाचून दाखवल्यासारखं होतं, आणि समोरचा दोन वाक्यांत निरोप घेतो.

आईबाप ऑर्कांनी मारले आणि मी एकटी उरले, ही कथा नको आहे. कॅथीड्रल चौकातल्या अनाथाश्रमातून निघालेली पात्रं तिथे पावलोपावली भेटतात. गुप्त राजकन्या, ड्रॅगनचा अंश, शापित तलवार हेही नको. साधी बाई हवी आहे, पण अशी की तिच्याशी बोललेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी ती आठवावी. हे कसं जमवतात? टोटल आरपी या अ‍ॅडऑनमध्ये पात्राची जी ओळख इतरांना दिसते, त्या प्रोफाइलमध्ये किती लिहायचं? आणि लढाईचा प्रसंग आला तर काय करायचं?

पारवा:

शाईदौत ताई, तुमच्याकडे लागतं ते सगळं आहे, फक्त ते अजून घरात आलेलं नाही. वेस्टफॉलचा इतिहास मारेनच्या स्वयंपाकघरात कसा पोचला ते ठरवा.

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पहिल्या युद्धात ऑर्कांनी स्टॉर्मविंड जमीनदोस्त केलं. पुढे ते पुन्हा उभारलं एडविन व्हॅनक्लीफच्या हाताखालच्या पाथरवटांनी. काम संपल्यावर सरदारांनी मजुरी द्यायला नकार दिला. दंगल पेटली, जमावातून आलेला दगड लागून राणी टिफिन गेली, आणि पाथरवट शहर सोडून वेस्टफॉलला पळाले. तोंडाला लाल फडकं बांधून लूटमार करणारी डिफायस ब्रदरहुड ती हीच. सरदारांचे कान भरणारी कात्राना प्रेस्टर ही बाई खरी ओनिक्सिया नावाची काळी ड्रॅगन होती, हे नंतर उघड झालं.

आता यात मारेनला बसवा. बाप पाथरवट. त्याने शहराची भिंत बांधली, मजुरी मिळाली नाही. तो व्हॅनक्लीफबरोबर गेला की नाही? समजा गेला नाही. लाल फडकं बांधलं नाही, वेस्टफॉलला कोणाच्या तरी शेतावर राबला. मग शेजारच्या घरांत लुटीचा पैसा येत होता आणि हिच्या घरात येत नव्हता. आई त्याला काय म्हणत असेल? मुलीला बाप प्रामाणिक वाटायचा की भित्रा? या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःशी दिलंत की खानावळीतल्या प्रश्नाला आपोआप उत्तर येईल.

आणि माझ्या मते याहून मोठा प्रश्न पुढचा आहे. ओनिक्सियाचं पितळ राजवाड्यात उघडं पडलं. म्हणजे आता मारेनला कोणी सहज सांगू शकतं की बाई, तुझ्या बापाचे पैसे सरदारांनी नाही, एका ड्रॅगनने बुडवले. तिला हे पटेल? राग शमेल? मला वाटतं, शमणार नाही. ड्रॅगन मेली, सरदार अजून तिथेच राहतात, आणि पैसे आजही मिळालेले नाहीत. असं बोलणारी बाई मला भेटली तर मी तासभर उठणार नाही.

उंबरठा:

पारवांचं वाचायला छान आहे, पण मी वेगळं सुचवेन. इतकं आधी ठरवू नका. ठरवलेलं सगळं सांगून टाकायचा मोह होतो आणि समोरच्याला जागाच उरत नाही. मी पात्र काढतो तेव्हा तीनच गोष्टी पक्क्या असतात: पोट कशावर चालतं, आज तिला काय हवंय, आणि कोणापुढे ती खोटं बोलते. बाकी खेळता खेळता सापडतं. कोणी विचारलं "भाऊ आहे का?" तर त्या क्षणी ठरवायचं, आणि मग वहीत लिहून ठेवायचं. नाहीतर पुढल्या महिन्यात भावाची बहीण होते.

पारवा:

उंबरठा, वहीचं शंभर टक्के मान्य. पण नवख्या माणसाला त्या क्षणी सुचत नाही हीच तर ताईंची अडचण आहे. पाया हवा. वरचे मजले नंतर चढवा.

कातळ:

मी हा खेळ खेळत नाही, पण जुन्या दगडी बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे पाथरवटाची मुलगी म्हटल्यावर राहवलं नाही. चालेल ना?

बापाच्या हाताखाली वाढलेली मुलगी कुठल्याही इमारतीत शिरली की आधी सांधे बघेल. दोन दगडांमध्ये सुरीचं पातं जातं का, भिंतीला फुगवटा आलाय का, पाणी कुठून मुरतंय. माणसाचा चेहरा त्यानंतर. टाकीचे घाव बघून जुने लोक सांगतात की हा दगड उजव्या हाताच्या कारागिराने घडवला की डावखुऱ्याने. शहराच्या भिंतीत बापाच्या हातचा दगड कुठला, हे तिला ओळखता आलं पाहिजे. दगड घडवणाऱ्याच्या छातीत धूळ बसते, म्हातारपणी खोकला जात नाही. डोळ्यात चीप उडते. डाव्या हाताचा अंगठा कधी ना कधी सुजलेला असतोच, कारण छिन्नी त्या हातात असते. पाथरवट दगड घडवतो आणि गवंडी तो रचतो, ही कामं वेगळी आणि दोघांचं एकमेकांविषयीचं मत फारसं चांगलं नसतं. तिने "माझा बाप गवंडी नव्हता, पाथरवट होता" असं ठणकावून सांगितलं तर मला ती लगेच खरी वाटेल.

शाईदौत:

कातळ दादा, हे तर मला कुठल्याही गेमच्या मार्गदर्शिकेत सापडलं नसतं. मनापासून आभार. अंगठ्याचं तर मी आजच वापरणार.

आणि तुमचं वाचून एक सुचलं. २०१० च्या कॅटॅक्लिझम या विस्तारात डेथविंग या ड्रॅगनने स्टॉर्मविंडवर झडप घातली तेव्हा पार्क नावाची अख्खी वस्ती उद्ध्वस्त झाली. कितीतरी वर्षं तिथे नुसतं भगदाड होतं. २०१६ मध्ये लिजन हा पुढचा विस्तार आला, स्टॉर्मविंडचा राजा व्हेरियन मारला गेला आणि त्या जागी त्याचं स्मारक झालं, लायन्स रेस्ट. ते कोणीतरी बांधलं असणारच ना? मारेन त्या कामावर होती, असं चालेल? ज्यांनी बापाची मजुरी बुडवली त्यांच्याच शहरात, त्यांच्याच राजाच्या थडग्यावर ती छिन्नी चालवते. आणि दर आठवड्याला मजुरी हातात पडल्याशिवाय सोमवारी कामावर जात नाही.

पारवा:

चालेल काय, धावेल! शहरात काय करतेस याचं उत्तर मिळालं तुम्हाला. आगाऊ मजुरी घेण्याची सवय तर फारच छान, कारण ती रोजच्या व्यवहारात दिसते. कोणी काम सांगितलं की आधी अर्धे पैसे मागेल. लोक तिला लोभी म्हणतील. का मागते हे कळायला त्यांना दहा भेटी लागतील, आणि तोवर ओळख झालेली असेल.

एक सांभाळा. दंगलीच्या दिवशी बाप जमावात होता इथपर्यंत ठीक. राणीला लागलेला दगड त्यानेच मारला, असं करू नका. सर्वांच्या मालकीची घटना एका पात्राने स्वतःच्या नावावर केली की बाकीचे खेळाडू दूर होतात, आणि ते योग्यच आहे. तो त्या दिवसाविषयी कधी बोलत नाही, एवढंच ठेवा. मारेनला संशय असू दे. तुम्हालाही उत्तर माहीत नसू दे.

सांजवात:

ताई, लढाईचं आणि प्रोफाइलचं मी सांगते, कारण त्यावरच नवीन लोक जास्त अडखळतात.

इमोटमध्ये, म्हणजे पात्राची कृती लिहिताना, फक्त प्रयत्न लिहायचा, निकाल नाही. "मारेन हातोडा त्याच्या खांद्याच्या दिशेने फिरवते" इथे थांबायचं. "हातोडा खांद्यावर बसतो आणि हाड मोडतं" असं लिहिलंत तर समोरच्याच्या पात्राचा ताबा तुम्ही घेतलात. बसला की नाही ते तो ठरवेल. एकमत होत नसेल तर दोघांनी रोलची कमांड द्यायची, १ ते १०० मधला आकडा पडतो, मोठा आकडा जिंकतो. आणि हरायला शिका. मार खाल्लेलं पात्र पुढचे कितीतरी दिवस लंगडतं, औषध मागतं, कोणाच्या तरी आधाराने चालतं. त्यातून जितक्या ओळखी होतात तितक्या जिंकून होत नाहीत.

खेळाडू म्हणून काही सांगायचं असेल तर दुहेरी कंसात लिहा. आयसी (पात्राचं बोलणं) आणि ओओसी (खेळाडूचं बोलणं) वेगळं राहिलं की भांडणं होत नाहीत. समोरच्याच्या प्रोफाइलमध्ये "गुप्तपणे विच आहे" असं वाचलं तरी मारेनला ते कळलेलं नाही, हे पक्कं ध्यानात ठेवायचं.

प्रोफाइल छोटं. टोटल आरपीमध्ये पहिल्या नजरेत दिसणाऱ्या गोष्टींसाठी पाच चौकोन असतात, लोक आधी तेच बघतात. त्यात डोळ्यांना दिसेल तेवढंच: सुजलेला अंगठा, केसांतली दगडाची धूळ, कमरेला ओळंबा. बापाची कथा तिथे लिहू नका. ती वाचून मिळाली तर तुमच्याशी बोलायचं कशाला? क्लासच्या जागी रोग काढून पाथरवट लिहा, अ‍ॅडऑनमध्ये ते बदलता येतं. रोग क्लास म्हणजे चोरच असं कोणी धरत नाही.

उंबरठा:

सांजवातताईंशी सहमत. "सध्या" या रकान्याचा उपयोग मात्र जरूर करा. "नवीन छिन्नी शोधतेय, चांगला लोहार माहीत असेल तर सांगा." वाचणाऱ्याला बोलायला कारण मिळतं. ड्वार्फ, म्हणजे लोहारकामात रमणारी बुटकी जमात, खेळणारे तर धावत येतील.

शाईदौत:

सगळ्यांचं वाचून हे लिहिलंय. बघून सांगा.

मारेन, पाथरवट. वेस्टफॉलला वाढली, सॅल्डीनच्या शेताजवळ. कॅटॅक्लिझमनंतर बेघर लोक तिथे आले तेव्हा रस्सा वाटणाऱ्या होप नावाच्या मुलीच्या हातून हिनेही वाडगा भरून घेतला होता. ती होप म्हणजे व्हॅनक्लीफची मुलगी व्हॅनेसा, हे कळल्यावर हिला धक्का बसला, पण रस्सा चांगला होता असंच ती अजूनही म्हणते. त्या रश्शात भेंडी असायची (हो, वेस्टफॉल स्ट्यूला खरंच भेंडी लागते, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता). बाप खोकून खोकून गेला. त्याची छिन्नी हिच्याकडे आहे. शहराच्या भिंतीतला त्याचा दगड तिने शोधलाय, पण कुठला ते सांगत नाही. अर्धे पैसे आधी घेते.

वयाचं अजून जुळत नाही. दंगलीच्या वेळी ती आठ वर्षांची हवी आहे, पण दंगल नेमकी कुठल्या साली ते ठरवताना घोळ होतोय.

पारवा:

व्हॅनेसाला आणलंत पण कथा तिच्यावर टांगली नाहीत, हे उत्तम. त्या शेतावर कितीतरी बेघर जेवले, त्यांतली ही एक.

साल शोधू नका, अँडुइनवर मोजा. राणी टिफिन गेली तेव्हा राजपुत्र अँडुइन तान्हा होता. म्हणजे मारेन त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी, इतकंच धरा. कथा पुढे सरकली, त्याचं वय वाढलं, की तिचंही वाढेल. आणि यातून आणखी एक गोष्ट मिळते: ज्या दिवशी त्याची आई गेली त्याच दिवशी हिच्या घराची घडी विस्कटली. तो पोरका झाला तर साऱ्या शहराने शोक केला. तिला त्याची दया येते की चीड, की दोन्ही, हे मात्र खेळताना ठरवा. इथे उंबरठांचं ऐका.

कातळ:

एकच सुधारणा. बापाची छिन्नी इतकी वर्षं वापरात असेल तर पुन्हा पुन्हा शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, ती वीतभरसुद्धा उरणार नाही. बोटाएवढी राहिलेली दाखवा. तिने काम करता येत नाही, पण पाथरवट ती टाकत नाही.

शाईदौत:

बोटाएवढी केली. पहिल्या नजरेच्या चौथ्या चौकोनात टाकली आहे: गळ्यात दोऱ्याला बांधलेला लोखंडाचा तुकडा. पाचवा चौकोन रिकामा ठेवू का?

सांजवात:

ठेवा. पहिली जखम झाली की लागेल.