बर्मिंगहॅमचं उदाहरण विचिटाला लागू पडत नाही

'अलाबामा-बर्मिंगहॅम विद्यापीठाने बंद केलेलं फुटबॉल परत आणलं, मग विचिटा स्टेटला काय अडचण?' कॅन्सस राज्यातल्या विचिटा स्टेट विद्यापीठाने फुटबॉल पुन्हा सुरू करावं म्हणून मांडलेला हा मुद्दा पटला नाही. (फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन, आपलं पायाने खेळायचं नव्हे.) बर्मिंगहॅममध्ये डिसेंबर २०१४ला संघ बंद झाला आणि जून २०१५मध्ये निर्णय फिरलासुद्धा. प्रशिक्षक बिल क्लार्क तिथेच थांबले, गावाने पैसे उभे केले आणि २०१७ला संघ मैदानात. चूल विझली होती, पण निखारे होते.

विचिटाने खेळ सोडला १९८६ला. तेव्हाची पोरं आता साठीला टेकली. त्याआधी १९७०ला संघाला घेऊन जाणाऱ्या विमानाच्या अपघातात ३१ जण गेले, तो घाव वेगळाच. आता तिथे वेड बास्केटबॉलचं. २०१३ला फायनल फोरपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत, धडक मारली त्यांनी. शिवाय फुटबॉलला शंभरेक खेळाडू लागतात, म्हणजे टायटल नाइनच्या (शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणाऱ्या) कायद्याने मुलींच्या खेळांनाही तशीच जागा आणि शिष्यवृत्त्या वाढवणं आलं. हा खर्च कुणी धरतच नाही! बास्केटबॉलच्या ताटातलं काढून फुटबॉलला वाढू नये, एवढंच माझं म्हणणं. कुणी देणगीदार दहा वर्षांची लेखी हमी देत असेल तर मात्र बोलू.